गरोदरपणात कोविडची लस कधी घ्यायची? आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

उद्या अनंत चतुर्दशी, मंगळवारपासून पितृपक्ष. गेला आठवडाभर मी दारोदार एकच वाक्य ऐकतेय: "ताई, पितरं होऊ द्या, मग बघू." कुणी नवरात्र होऊ द्या म्हणतं, कुणी भाऊबीज. एकीने तर सरळ सांगितलं, बाळंतपणच होऊ द्या.

मी पारोळा तालुक्यात आशांची गटप्रवर्तक आहे. जुलैपासून गरोदर बायांची लसीची यादी हे माझं निम्मं काम होऊन बसलंय. हे लिहितेय ते मुख्यतः पहिलटकरणींसाठी आणि त्यांच्या नवऱ्यांसाठी. आज १८ सप्टेंबर २०२१ आहे, ही तारीख लक्षात असू द्या. खालचे नियम, अंतरं आणि दर आजचे आहेत. या साथीत नियम दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. पुढे कधी हे वाचनात आलं तर आधी तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारा, मग पुढचं.

"आधी नाही म्हणत होत्या, आता कशा हो म्हणता?"

हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो, आणि विचारणारीचं काही चुकत नाही. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं तेव्हा गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना लस नव्हती. मे महिन्यात पोट दिसणाऱ्या बाईला आम्हीच रांगेतून परत पाठवलंय. १९ मे रोजी पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली आणि २ जुलैला गरोदर बायांना.

आधीचं 'नाही' हे लस वाईट म्हणून नव्हतं. लसीच्या चाचण्यांत गरोदर बायांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे सांगण्यासारखी माहिती हातात नव्हती. मग दुसरी लाट आली. आयसीएमआरने, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, दोन्ही लाटांमधल्या कोविड झालेल्या १,५३० गरोदर आणि बाळंतीण बायांची नोंद तपासली. पहिल्या लाटेत त्यांच्यातल्या ०.७ टक्के दगावल्या होत्या, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. हे आकडे बहुतेक दवाखान्यापर्यंत पोचलेल्या बायांचे आहेत, गावातल्या सगळ्यांचे नाहीत. सरकारच्याच माहितीपत्रकात असंही लिहिलंय की कोविड झालेल्या गरोदर बायांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणी दवाखान्यात भरती न होताच बऱ्या होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त उरलेल्या दहांत कोण असेल ते आधी कळत नाही. वय पस्तिशीच्या पुढे, वजन जास्त, शुगर, बीपी किंवा आधी कधी पायात रक्ताची गाठ झालेली, यातलं काही असेल तर धोका वाढतो. शेवटच्या महिन्यांत पोट वर छातीकडे सरकलेलं असतं, एरवीही दम लागतो. त्यात फुप्फुसाचं दुखणं आलं की बाळ लवकर बाहेर काढायची वेळ येऊ शकते.

लसीबद्दलही खरं तेच सांगते. अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त गरोदर बायांची माहिती या वर्षी छापून आली आणि त्यात काळजीचं काही दिसलं नाही. पण त्या बायांनी घेतलेल्या लसी फायझर आणि मॉडर्नाच्या होत्या. त्या आपल्याकडे मिळत नाहीत. आपल्याकडच्या कोविशिल्डमध्ये शरीरात वाढू न शकणारा विषाणू वापरलाय, कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला. म्हणजे लसीने कोविड होत नाही, आईला नाही आणि बाळालाही नाही. एवढं ऐकूनही मन धजत नसेल तर घाई करू नका, पण पुढचा हिशेब एकदा करून बघा.

पहिलं काम: दिवस मोजा

लस कितव्या महिन्यात घ्यायची, या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. सरकारी नियमाप्रमाणे कधीही चालते. तुमच्यापुरतं उत्तर कॅलेंडरवर सापडतं.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस शोधा. परवा एका ओट्यावर बसून विचारलं तर ती म्हणाली, "अखाजीच्या चार दिवस आधी." आमच्याकडे तारखा अशाच लक्षात राहतात. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यंदा १४ मे रोजी होती, म्हणजे पाळी १० मे. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की १७ फेब्रुवारी, ही बाळंतपणाची अंदाजे तारीख. सोनोग्राफीची तारीख वेगळी निघाली असेल तर डॉक्टर सांगतील ती धरा. १० मेपासून येत्या सोमवारपर्यंत, म्हणजे २० सप्टेंबरपर्यंत, तिचे बरोबर १९ आठवडे भरतात.

दुसरं काम: दोन डोसांमधलं अंतर त्यावर मांडा

सगळी मेख इथे आहे, आणि नेमकं हेच कुणी समजावून सांगत नाही.

कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये १२ ते १६ आठवडे लागतात. ८४ दिवस झाल्याशिवाय कोविन, म्हणजे लसीच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल, दुसरा डोस घेऊच देत नाही. कोव्हॅक्सिनला ४ ते ६ आठवडे. दुसऱ्या डोसनंतर दोनेक आठवड्यांनी पुरतं बळ येतं. पहिला कोविशिल्डचा तर दुसराही कोविशिल्डचाच.

आता त्या अखाजीवाल्या ताईचं बघा. सोमवारी तिने कोविशिल्ड घेतली तर दुसरा डोस १३ डिसेंबरला, ३१ व्या आठवड्यात. डिसेंबर संपता संपता ती दोन्ही डोस पचवून मोकळी, आणि बाळंतपणाला अजून दीड महिना. हातात असलेला तो दीड महिना मोलाचा. आईच्या रक्तात तयार झालेलं संरक्षण नाळेतून बाळाकडे जातं आणि शेवटच्या महिन्यांत ते जास्त जातं.

तीच ताई भाऊबीज करून ८ नोव्हेंबरला आली तर? पहिला डोस २६ व्या आठवड्यात आणि दुसरा ३१ जानेवारीला, ३८ व्या आठवड्यात. नववा सरत आलेला, पाय सुजलेले, कधीही कळा सुरू होतील, अशा वेळी तिने केंद्रावर रांगेत उभं राहायचं. बहुतेक जणी तेव्हा येणार नाहीत. सात आठवडे पुढे ढकलल्याची किंमत ही. सणाला माझी ना नाही, पण ढकलायचं तर किती ढकलतोय ते मोजून ढकला.

कोव्हॅक्सिन मिळाली तर गणित सोपं होतं: २० सप्टेंबरला पहिला, १८ ऑक्टोबरला दुसरा. आमच्या केंद्रावर बहुतेक वेळा कोविशिल्डच येते. कोव्हॅक्सिनची वाट बघत महिना घालवू नका, असं मी बहुतेकींना सांगते. दोन प्रकारच्या बाया मात्र त्याला अपवाद. एक, जिचा सातवा सरत आलाय. आज ३० आठवडे झालेत तिचा कोविशिल्डचा दुसरा डोस ४२ व्या आठवड्यात येईल, म्हणजे बाळंतपणानंतरच. कोव्हॅक्सिनचे दोन्ही आधी होऊन जातील. दुसरी, जिचं घर दसऱ्यानंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघणार आहे. अशीने जायच्या आधी तालुक्याला फोन करून कोव्हॅक्सिन कुठल्या केंद्रावर आहे ते विचारून घ्यावं. नाहीच मिळाली तर कोविशिल्डचा पहिला डोस घेऊनच निघावं. दुसरा डोस देशात कुठेही मिळतो.

सध्या, सप्टेंबर २०२१ मध्ये, सरकारी केंद्रावर लस फुकट आहे. खासगीत कोविशिल्ड जास्तीत जास्त ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिन १,४१० रुपये.

पहिले तीन महिने

नियमात पहिल्या तिमाहीला बंदी नाही, तरी काही डॉक्टर १२ आठवडे भरू द्या म्हणतात. त्यामागचं कारण समजून घ्या. दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणींचा गर्भ आपोआप पडतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच. तेव्हाही हेच प्रमाण होतं जेव्हा कोविड नव्हता, लसही नव्हती. पण लसीनंतर आठवड्याने असं झालं तर घर लसीलाच दोष देणार आणि बाई स्वतःला. शिवाय त्या दिवसांत ओकाऱ्यांनी जीव आधीच मेटाकुटीला आलेला असतो.

माझं मत विचाराल तर असं. आठवा आठवडा चालू आहे, गावात सध्या एकही पेशंट नाही, तुम्ही घरीच असता, तर डॉक्टरांशी बोलून चार आठवडे थांबलात तरी कॅलेंडर बिघडत नाही. पण नवरा एसटीत कंडक्टर आहे, तुम्ही स्वतः आशा किंवा अंगणवाडीताई आहात, घरात किराणा दुकान आहे, किंवा शुगर-बीपी आहे, तर थांबण्यात शहाणपण नाही.

आणि जिने लस घेतली आणि नंतर कळलं की दिवस गेलेत, तिने अजिबात घाबरू नये. त्यासाठी गर्भ पाडायची गरज नाही. जूनमध्ये एक मुलगी याच भीतीने गोळ्या विचारायला मेडिकलवर गेली होती. वाटेत आमची आशा भेटली म्हणून बरं झालं. दुसरा डोस ठरलेल्या वेळी घ्यायचा.

कुणी थांबायचं

आज ताप आहे, त्यांनी आज नको. कोविड होऊन बऱ्या झालात आणि मग दिवस राहिले, तर बरं झाल्यापासून तीन महिने थांबा. याच गरोदरपणात कोविड होऊन गेला असेल तर बाळंतपणानंतर लगेच घ्यायची. उपचारात प्लाझ्मा चढवला असेल तर तेही सांगा, त्यालाही थांबायचं अंतर आहे. पहिल्या डोसनंतर, किंवा एखाद्या इंजेक्शनाने, औषधाने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला असेल तर ते केंद्रावर सांगितल्याशिवाय दंड पुढे करू नका. अंगावरून जातंय किंवा डॉक्टरांनी अंथरुणावर विश्रांती सांगितलीय, तर आधी त्याच डॉक्टरांना विचारा.

माहेरी जायची तारीख

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळेजेवण, ओटी भरली की बॅग भरली. त्यामुळे पहिला डोस सासरी आणि दुसरा माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलंच. यात काय घोटाळा होतो ते माझ्याच घरात झालं.

माझी नणंद सुरतेला उधन्यात राहते. कोविशिल्डचा पहिला डोस तिने तिकडेच घेतला, सव्वा महिन्याची गरोदर असताना. तेव्हा तिलाही ते ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात ८४ दिवस भरले तेव्हा ती गौरी-गणपतीला आमच्याकडे आलेली होती. मी मिरवत तिला केंद्रावर नेलं. गटप्रवर्तकाचीच नणंद, पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटरवरच्या मुलाने नंबर विचारला. नोंदणी नंदोयांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मोबाइलवर. ओटीपी गेला सुरतेला. नंदोई पॉवरलूमवर, तिथे शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, फोन कुठला ऐकू येणार? नणंद भिंतीला टेकून उभी, मी अकरा वेळा फोन लावला. दोन तासांनी त्यांचा फोन आला, "काय झालं, सगळं ठीक ना?" तोवर शेवटची कुपी संपली होती. दुसऱ्या फेरीला पुन्हा यावं लागलं. सर्टिफिकेट आधी घेऊन ठेव हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं, आणि गावभर तेच सांगत फिरते.

म्हणून: नोंदणी स्वतःच्या मोबाइलवर करा. एका नंबरवर चौघांची होते, त्यामुळे घरातल्यांना अडचण नाही. पहिल्या डोसचं सर्टिफिकेट लगेच डाउनलोड करून त्याचा फोटो काढून ठेवा. त्यावरचा रेफरन्स आयडी, लसीचं नाव आणि तारीख पेनाने माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर लिहा. मोबाइलची बॅटरी उतरते, कार्ड उतरत नाही. माहेरच्या आशाला महिनाभर आधी फोन करून तुमचं नाव तिच्या यादीत घालायला सांगा.

सासूबाई

लस घ्यायची की नाही हे कायद्याने बाईने ठरवायचं. प्रत्यक्षात कोण ठरवतं ते आपल्याला माहीत आहे. एरंडोलकडच्या एका घरात सुनेला काही बोलूच दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोटमाना पोऱ्याले काही व्हयनं तर?" पोटातल्या लेकराला काही झालं तर? मी वाद घातला नाही. विचारलं, तुमच्या वेळी धनुर्वाताची सुई घेतली होती का? घेतली होती. पोटुशी असतानाच ना? हो. ती कुणासाठी घेतली? बाई जरा वेळ सुपातले दाणे पाखडत राहिल्या. सून त्या दिवशी आली नाही, पुढच्या गुरुवारी आली, सासूला घेऊन. सासूचाही पहिला डोस तेव्हाच झाला.

एकदम होकार मागू नका. आकडे तर मुळीच ऐकवू नका. शक्य असेल तर घरातल्या मोठ्या बाईला डॉक्टरांसमोर बसवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी डॉक्टर भेटतात. पुढची ९ ऑक्टोबर, शनिवार.

सुईच्या दिवशी

उपाशी जाऊ नका, भाकरी-भाजी खाऊन, पाणी पिऊन निघा. आधार आणि माता-बाल कार्ड दोन्ही न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते सिस्टरला दाखवा, म्हणजे ती दोन्हींच्या तारखा नीट लावेल. ऑनलाइन स्लॉट नसला तरी थेट गेलं की केंद्रावरच नोंदणी होते.

एक गोष्ट कुठल्याच पत्रकात नसते: ब्लाउज. आपल्या बायांच्या ब्लाउजची बाही दंडाला इतकी घट्ट असते की सुईच्या जागेपर्यंत वर सरकत नाही. मग हुक काढा, पदर धरा, मागे पन्नास माणसांची रांग, पडदा असेलच असं नाही. एक बाई निव्वळ त्या संकोचाने परत गेलेली मी पाहिलीय. गाऊन घाला, नाहीतर जुना सैल ब्लाउज. सिस्टर बहुधा डाव्या दंडात देतात. सहाव्या महिन्यापुढे डाव्या कुशीवर झोपायला सांगितलेलं असतं, तेव्हा उजव्या दंडात द्या म्हणा, देतात.

लसीनंतर अर्धा तास तिथेच बसायचं. ते टाळून निघू नका.

दुसऱ्या दिवशी दंड दुखतो, अंग मोडून येतं, काहींना ताप येतो. लवकरच कापूस वेचणी सुरू होईल. लसीच्या दुसऱ्या दिवशी वेचायला जायचं कबूल करू नका, मुकादमाला आधीच सांगून ठेवा. तापाला पॅरासिटामॉल, सिस्टरने दिली असेल तेवढीच. मेडिकलवरून अंगदुखीची पुडी किंवा ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणू नका, गरोदरपणात त्या चालत नाहीत. मऊ खिचडी खा, झोपा. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर दवाखाना.

पुढचे २० दिवस अंगाकडे लक्ष ठेवा. दम लागणं, छातीत दुखणं, हातपाय दुखून सुजणं, सुईच्या जागेपासून लांब अंगावर लाल बारीक ठिपके उठणं, पोटात सतत दुखणं, न थांबणारं डोकं दुखणं आणि ओकाऱ्या, नजर अंधूक होणं, अंगाची एखादी बाजू लुळी पडणं किंवा झटका येणं. सरकारच्या माहितीप्रमाणे असं एक ते पाच लाखांत एखादीला होतं. पण झालं तर घरी बसायचं नाही, त्याच क्षणी १०८. नुसतं विचारायचं असेल तर १०४.

आणि बाळ हलायचं कमी झालं, अंगावरून गेलं, पाणी गेलं, तर ते लसीमुळे असेल म्हणून वाट बघत बसू नका. लस घेतलेली असो की नसो, तेव्हा दवाखान्यातच जायचं.

ज्यांचं बाळंतपण तोंडावर आलंय त्यांचा पहिला डोस राहिला तरी काही बिघडत नाही, बाळंतपणानंतर घ्या. पाजणं एक दिवसही बंद करायचं नाही.

अखाजीवाल्या ताईकडे काल पुन्हा गेले होते. सासूबाई पितरांचं कारण काढतील म्हणून तयारीनेच गेले. त्यांनी स्वतःच खिळ्यावरून कॅलेंडर उतरवलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी लागतोय पितृपक्ष. सोमवार मोकळाच आहे की." सुनेने आत जाऊन सैल ब्लाउज शोधायला घेतला.